बाण सुटण्याआधी : क्लोद लोरँची निसर्गचित्रं



निसर्गचित्र हा विषय निघाला की ऐकणारे आधीच जरा सैलावून बसतात. यात वाद घालण्यासारखं काय असणार, अशी आपली समजूत. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनीच ते काढलेलं असतं : दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी. पुढे थोडं कळायला लागलं की त्या मधोमध बसवलेल्या सूर्याचं हसू येतं. पण युरोपात तो सूर्य तसा मधोमध आणायला एका माणसाला बरीच हिंमत करावी लागली होती. सूर्य थेट क्षितिजावर, बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचा आणि चित्रातला सगळा उजेड त्याच्यापासूनच काढायचा, हे त्या काळी धाडस होतं. १६३०च्या दशकापासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ते निष्ठेने करत राहिला तो क्लोद जले, म्हणजेच क्लोद लोरँ. आजचं व्याख्यान त्याच्यावर आहे.

त्याच्याविषयी लिहिणारे सगळे ‘शांत’ हे विशेषण वापरतात. तेही खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की ही शांतता कसली, हे आपण नीट पाहिलेलं नाही. क्लोदच्या चित्रात काही घडत नाही असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या उत्तम चित्रांत काहीतरी घडायच्या बेतात असतं, आणि बहुतेक वेळा ते भलं नसतं.

आधी माणूस थोडक्यात. लोरेन ही तेव्हा स्वतंत्र डची होती. तिथल्या शामाञ नावाच्या खेड्यात १६०० ते १६०५च्या दरम्यान त्याचा जन्म झाला. लहानपणीच आईबाप गेले. मोठा भाऊ फ्रायबुर्गला लाकडी जडावकाम करायचा, त्याच्याकडे काही दिवस काढून पोरगा रोमला पोहोचला. त्याचा मित्र आणि पहिला चरित्रकार, जर्मन चित्रकार योआखिम फॉन झांड्रार्ट सांगतो की क्लोद मुळात पेस्ट्री करायला शिकलेला होता आणि आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराच्या घरी स्वयंपाकपाण्यासाठीच लागला. स्वयंपाकघरातून तो रंगशाळेत कसा गेला हे कुणी नोंदवलेलं नाही. मधे नेपल्सला गॉफ्रेडो वाल्स या चित्रकाराकडे थोडं शिक्षण, १६२५मध्ये एकदा परत लोरेनला जाऊन नॅन्सीच्या एका चर्चमध्ये भित्तिचित्रांवर हाताखालचं काम, आणि १६२७मध्ये पुन्हा रोम. त्यानंतर त्याने रोम कायमचं सोडलं नाही. २३ नोव्हेंबर १६८२ रोजी तो तिथेच वारला. लग्न केलं नाही. शेवटच्या वर्षांत घरात अॅग्नेस नावाची मुलगी आणि दोन पुतणे होते. पोप आठवा अर्बन आणि स्पेनचा राजा चौथा फिलिप यांनी त्याच्याकडून चित्रं करून घेतली, तेव्हा पैशाची ददात त्याला नव्हती. चरित्र म्हणून यात फारसा मसाला नाही, आणि ते बरंच आहे. मसालेदार चरित्राचे चित्रकार आपण चित्रं न बघताच लक्षात ठेवतो.

तास्सीचं नाव मात्र थोडं थांबून घ्यायला हवं. माणूस म्हणून त्याच्याविषयी चांगलं बोलावं असं काही नाही. चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्कीवर बलात्कार केल्याच्या खटल्यात १६१२मध्ये तो दोषी ठरला होता. पण त्याची कारागिरी होती ती महालांच्या भिंतींवर आणि छतांवर खोटी वास्तू उभी करण्याची. रंगवलेले खांब, रंगवलेल्या कमानी आणि त्यांतून दिसणारं रंगवलेलं आकाश. क्लोदने ही विद्या घेतली आणि मोकळ्या रानात नेली. त्याचं चित्र पाहा : एका बाजूला अगदी जवळ उंच, काळपट झाडांचा झुपका, किंवा बंदर असेल तर खांबांची ओळ. समोरच्या बाजूला त्याला तोल देणारं काहीतरी लहान. पायाशी अंधारी जमीन, मधे पाणी, पाण्यावर बऱ्याचदा पूल, आणि मागे एकामागे एक फिकट होत गेलेल्या टेकड्या, अगदी शेवटची आकाशात विरघळलेली. रंगभूमीवर विंगा लावतात तशी ही झाडं लावलेली आहेत. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांनी पाहिलेत, बाबूराव आणि आनंदराव पेंटर या कोल्हापूरच्या भावांचं नाव ज्यांना त्या पडद्यांसाठी माहीत आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

पण विंगा लावणारे रोममध्ये पुष्कळ होते. पॉल ब्रिल होता, तास्सी स्वतः होता, उत्तरेकडून आलेले कितीतरी होते. क्लोदची खरी कमाई उजेडात आहे. झांड्रार्टने लिहून ठेवलंय की हा माणूस तांबडं फुटायच्या आधी रानात जाऊन पडायचा तो रात्र पडेपर्यंत. उगवतीला आणि मावळतीला रंग कसे सरकतात ते पाहायचं, त्याला जुळणारे रंग तिथल्या तिथे कालवायचे आणि मग घरी येऊन ते हाती घेतलेल्या चित्रात लावायचे. म्हणजे झाडं रचलेली, पण त्या झाडांवरचा उजेड पाहिलेला. ब्रिटिश म्युझियममध्ये मॉन्ते मारियोवरून दिसणाऱ्या टायबर नदीचं त्याचं एक रेखाटन आहे. पातळ तपकिरी शाई आणि कुंचला, बस्स. चारदोन ओल्या फटकाऱ्यांत नदीचं वळण आणि पलीकडचं मैदान. तारीख न सांगता दाखवलं तर जाणकारसुद्धा दोनशे वर्षांनी चुकेल, असा हात आहे. चित्रातला क्लोद गोड वाटत असेल त्याने आधी ही रेखाटनं पाहावीत.

आता पडद्यावर जे चित्र आहे ते लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. ‘शेबाच्या राणीचं प्रस्थान’, १६४८. उंची दीड मीटर, रुंदी जवळपास दोन मीटर. सकाळची वेळ. डावीकडे पडक्या वास्तूचे कोरिंथियन खांब, उजवीकडे महाल आणि त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मधे समुद्र, आणि समुद्रावर हातभर वर आलेला सूर्य. राणी सॉलोमनला भेटायला निघाली आहे. पण ती कुठे आहे? पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सापडत नाही. उजवीकडच्या पायऱ्यांवर, माणसांच्या घोळक्यात, बोटाच्या पेराएवढी. त्याआधी दिसतात ते होडीत सामान चढवणारे हमाल, आणि डावीकडे काठावर बसलेला एक पोरगा, डोळ्यांवर हात आडवा धरलेला. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येतेय. हा पोरगा मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रातला उजेड चित्रातल्याच माणसाला झोंबतोय, म्हणजे तो उजेड खरा. आणि आपणही त्याच्यासारखेच सूर्याकडे तोंड करून उभे आहोत, हेही तो पोरगा सांगतो.

आकाशाकडे बघा. सूर्याजवळ पिवळसर पांढरं, मग हळूहळू निळं. कुठे एक रंग संपून दुसरा लागला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हे नुसत्या कुंचल्याने होत नाही. रंग ओला असताना क्लोदने तो बोटांनी आणि तळहाताने थोपटून एकमेकांत मिसळलाय, आणि जवळून पाहिलं की त्या हाताच्या खुणा आजही आकाशात सापडतात. पेस्ट्रीच्या पिठात मुरलेला हात, असं म्हणायचा मोह होतो. म्हणणार नाही.

लाटांचंही तसंच. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर सूर्याकडून आलेला उजेडाचा एक बारीक कण आहे, आणि हे कण रांगेने आपल्या पायांपर्यंत येतात. राणी अजून होडीत बसलेली नाही. सामान अर्धं चढलंय. जहाज लांब उभं आहे. सगळं निघायच्या बेतात आणि काहीच निघालेलं नाही. या चित्रात जी शांतता आपल्याला भेटते ती या अर्धवटपणातून आली आहे. प्रस्थान झाल्यावरचं रिकामं बंदर काढलं असतं तर ते उदास झालं असतं. भर समुद्रातलं जहाज काढलं असतं तर गोष्ट झाली असती. क्लोद त्या दोहोंच्या अलीकडे थांबला.

तो ज्या प्रदेशात बसून हे करत होता तो काही नंदनवन नव्हता. रोमभोवतीचं मैदान, काम्पान्या, मलेरियाने उजाड झालेलं होतं. मोठमोठ्या जमीनदारांची कुरणं, थोडे गुराखी आणि उन्हाळ्यात जो तो तिथून पळ काढणारा. पडकी देवळं आणि थडगी मधेमधे उभी. लोरेनची कथा तर त्याहून वाईट. तीस वर्षांचं युद्ध १६१८ ते १६४८ चाललं, आणि १६३०च्या दशकात फ्रेंच, स्वीडिश, शाही अशा सैन्यांनी तो मुलूख तुडवला. नॅन्सीचाच झाक कालो याने १६३३मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांची जी छापचित्रं काढली, त्यांत झाडाला लटकवलेली माणसं आहेत. अगदी त्याच सुमाराला त्याच मुलुखातला क्लोद रोममध्ये गुराखी आणि संध्याकाळ रंगवत होता. याला पळ काढणं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायचं तर लॅटिन कवी व्हर्जिलकडे जावं लागेल.

क्लोदला लॅटिन येत होतं असं दिसत नाही. लिहिण्यावाचण्याचं शिक्षण बेताचंच. शेबाच्या राणीच्या चित्रात दगडावर त्याने विषय लिहिलाय तो फ्रेंचमध्ये, आणि तोही मोडकातोडका. त्याचा समकालीन निकोला पूसँ रोममध्येच होता, शिकलेला, तत्त्वज्ञान वाचणारा. पूसँच्या चित्रात माणसं विचार करतात आणि डोंगर त्यांना साक्ष असतात. क्लोदकडे माणसं लहान आणि बऱ्याचदा बेढब. बाल्दिनूच्ची हा त्याचा दुसरा चरित्रकार सांगतो की क्लोद स्वतःच म्हणायचा, मी निसर्ग विकतो, माणसं वर फुकट देतो. तरीही, किंवा त्यामुळेच असेल, व्हर्जिलचा सूर या अर्धशिक्षित माणसाने पूसँपेक्षा जास्त नेमका पकडला असं माझं मत आहे. व्हर्जिलचे गुराखी गातात तेव्हा त्यांच्यातल्या कुणाचीतरी जमीन सरकारने काढून घेऊन सैनिकांना दिलेली असते. गाणं चालू असतं आणि तो माणूस शेळ्या हाकत कायमचा निघालेला असतो. व्हर्जिलची संध्याकाळ सुंदर आहे, कारण ती कुणाची तरी त्या जागेतली शेवटची संध्याकाळ आहे.

क्लोद म्हातारपणी व्हर्जिलच्या ‘ईनिड’कडे वळला. १६७२मध्ये डेलोसच्या किनाऱ्यावर आलेला ईनिअस, १६७५मध्ये पॅलॅंटियमला पोहोचलेला ईनिअस, पुढच्या वर्षी कार्थेजमध्ये डायडोबरोबर. आणि मग १६८२, मरणाच्या वर्षीचं शेवटचं चित्र, जे आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलिअन म्युझियममध्ये आहे. लोरेन्झो ओनोफ्रिओ कोलोन्ना या रोमन सरदारासाठी काढलेलं. विषय त्याने चित्रावरच लिहून ठेवलाय, व्हर्जिलच्या कितव्या पुस्तकातला तेसुद्धा : आस्कानियस सिल्वियाच्या हरणावर बाण सोडतो.

गोष्ट अशी. ट्रॉय जळाल्यावर ईनिअस आणि त्याची माणसं इटलीत येऊन उतरली आहेत. अजून सगळं गोडीगुलाबीचं आहे. राजाच्या गुरांची देखभाल करणारा टिरस, त्याची मुलगी सिल्विया. तिने एक हरीण लहानाचं मोठं केलंय. ती त्याच्या शिंगांना फुलं गुंफते, त्याला धुते, विंचरते, आणि ते दिवसभर रानात हिंडून रात्री घरी परत येतं. ईनिअसचा पोरगा आस्कानियस शिकारीला निघालेला. कुत्र्यांना या हरणाचा वास लागतो. बाण लागतो. हरीण कण्हत घरापर्यंत येतं, सिल्विया हंबरडा फोडते, गावकरी काठ्याकुऱ्हाडी घेऊन धावतात, आणि इथून युद्ध पेटतं. सहा पुस्तकं चालणारं, शेवटी रोमच्या पायापर्यंत जाणारं. एका पाळीव हरणावरून.

आता चित्र. डावीकडे आस्कानियस आणि त्याचे साथीदार, उजवीकडे हरीण, आणि दोघांच्या मधे दरी, तिच्यात खाली उतरत गेलेली पोकळी. आस्कानियसने धनुष्य ताणलंय. हरीण मान वळवून त्याच्याकडे बघतंय. ते पळत नाही. माणसाळलेलं आहे, माणसाची भीती त्याला कुणी शिकवलेली नाही. चित्रातली माणसं अशक्य उंच आणि काटकुळी आहेत. कुणी म्हणतं म्हाताऱ्याचा हात, कुणी म्हणतं मुद्दाम. मला ती मुद्दाम वाटतात. भल्या थोरल्या झाडांखाली ती वाऱ्याने वाकतील अशी दिसतात. आणि वारा आहे : झाडं एका बाजूला झुकली आहेत, जे क्लोदकडे सहसा होत नाही. रंग निळसर, चांदीसारखा, ऊब काढून घेतलेला. सूर्य दिसत नाही.

डावीकडे कोरिंथियन खांबांचं देऊळ आहे, बऱ्यापैकी पडकं. कोलोन्ना घराण्याच्या नावाचा अर्थच खांब, तेव्हा तो गिऱ्हाइकाला केलेला नमस्कार. पण हिशेब मांडा. रोम अजून वसायचं आहे. ज्या युद्धातून ते वसणार त्याची पहिली ठिणगी अजून पडायची आहे. आणि त्या रोमची देवळं मात्र इथे आधीच पडलेली उभी आहेत. क्लोद पन्नासहून अधिक वर्षं काम्पान्यात ही पडझड बघत होता. त्याला भूतकाळ दिसायचा तो अवशेषांसकटच दिसायचा. साम्राज्याची सुरुवात आणि शेवट एकाच कॅनव्हासवर, आणि मधे फक्त एक बाण, जो अजून धनुष्यावरच आहे. लोरेन जळत असताना हा माणूस पळाला होता असं म्हणणाऱ्याने या चित्रापुढे उभं राहून तसं म्हणावं.

हरणाच्या आणि धनुष्याच्या मधल्या त्या रिकाम्या जागेसाठीच बहुधा त्याची सगळी विद्या खर्ची पडली आहे. विंगा तिथे आहेत, पाणी तिथे आहे, दूरचा डोंगर आहे. नेहमीचीच मांडणी. पण बंदराच्या चित्रात जी पोकळी डोळ्याला सूर्यापर्यंत नेते, तीच इथे बाणाचा रस्ता झाली आहे.

त्याच्या व्यवहाराची एक गोष्ट इथे सांगून टाकतो, नाहीतर तो फार हवेतला वाटेल. नकली क्लोद बाजारात येऊ लागले, असं बाल्दिनूच्ची सांगतो, तेव्हा त्याने १६३५च्या सुमाराला एक वही घातली. कागद आळीपाळीने पांढरे आणि निळे. प्रत्येक पुरं झालेलं चित्र हातावेगळं करण्याआधी या वहीत रेखाटून ठेवायचं, मागे गिऱ्हाइकाचं नाव. ‘लिबर व्हेरितातिस’, म्हणजे सत्याची वही, हे नाव तिला पुढे पडलं. अशी सुमारे १९५ रेखाटनं. वही इंग्लंडला डेव्हनशरच्या ड्यूककडे गेली. १७७७मध्ये रिचर्ड अर्लमने तिची छापचित्रं केली आणि घरोघरी क्लोद पोहोचला. मूळ वही १९५७पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इंग्रजांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि डोक्यावर घेताना त्यातला बाण काढून टाकला. स्टोरहेडसारख्या बागांत तळं, पूल आणि तळ्यापलीकडे देऊळ बांधून त्यांनी क्लोदचं चित्रच जमिनीवर उतरवलं. काळसर, किंचित फुगीर असा छोटा आरसा निघाला, त्याला ‘क्लोद ग्लास’ म्हणत. हौशी प्रवासी डोंगरासमोर जायचे, डोंगराकडे पाठ करायचे आणि आरशात डोंगर बघायचे. क्लोदने स्वतः असा आरसा वापरल्याचा काही पुरावा नाही. पाठीमागचा डोंगर आरशात बघणाऱ्यांना हसायचा अधिकार मोबाइल पुढे धरून सूर्यास्त बघणाऱ्या आपल्याला कितपत आहे, ते तुम्हीच ठरवा.

सर जॉर्ज बोमाँट या संग्राहकाकडे क्लोदचं ‘हागार आणि देवदूत’, १६४६, हे छोटं चित्र होतं. ते तो घोडागाडीतून बरोबर घेऊन हिंडायचा. नॅशनल गॅलरीला देऊन टाकलं, मग राहवेना म्हणून मरेपर्यंत परत मागून घेतलं. याच बोमाँटचं म्हणणं होतं की चित्राचा रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने काय केलं, तर एक व्हायोलिन उचललं आणि समोरच्या हिरव्यागार हिरवळीवर ठेवून दाखवलं. गंमत म्हणजे कॉन्स्टेबल क्लोदचा बोमाँटहून मोठा भक्त. त्याने ते हागारचं चित्र तरुणपणी बसून उतरवून काढलं होतं. तपकिरी होता तो बराचसा जुन्या वार्निशाचा रंग, क्लोदचा नव्हे, हे त्याला दिसत होतं. इंग्रज चित्रकार टर्नरने तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की माझी दोन चित्रं नॅशनल गॅलरीत क्लोदच्या दोन चित्रांशेजारी टांगा. एकाच दालनात ती आजही आहेत, आणि त्यांतलं क्लोदचं एक म्हणजे मघाचं शेबाच्या राणीचं. टर्नरचं त्याच्याशेजारचं चित्र आहे कार्थेज उभारणारी डायडो. तेही बंदर, तोच सूर्य, आणि बघणाऱ्याला माहीत असलेला तोच शेवट. टर्नरला क्लोदमधला बाण दिसला होता.

समीक्षक जॉन रस्किनला तो दिसला नाही. १८४३च्या ‘मॉडर्न पेंटर्स’मध्ये त्याने क्लोदला झोडपलं : झाडं ओळखता येत नाहीत, डोंगर डोंगरासारखे नाहीत. भूगर्भशास्त्र म्हणून रस्किन बरोबर आहे. क्लोदच्या टेकडीवर खडक कुठला ते सांगता यायचं नाही.

आपल्याकडे हा सगळा मामला आला तो इंग्रजांबरोबर, आणि फार लवकर आला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१च्या सुमाराला मुंबईत उतरला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र ज्याने काढलं तोच हा वेल्स. पुण्याच्या रेसिडेन्सीत त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट होता, पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढणारा. वेल्सने मुंबई बेटाची जी बारा दृश्यं केली ती १८००मध्ये छापली गेली, आणि त्यांत इंग्लंडमध्ये घोटलेली तीच चौकट आहे : जवळ झाडं, मधे पाणी, लांबवर फिकट डोंगर. झाडं फक्त ताडामाडाची. १७९५मध्ये वेल्स वारला. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटनं थॉमस डॅनियलने लंडनमध्ये छापून काढली, १८०३मध्ये. कैलासाचे खांब, खडक, झाडी, त्यात फिरणारी लहान लहान माणसं, आणि सगळीकडे निवांतपणा.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वेरूळच्या ईशान्येला, जालन्याच्या उत्तरेला असईत इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. डॅनियलच्या चित्रांत त्याचा मागमूस असायचं कारण नाही, रेखाटनं आठदहा वर्षं जुनी होती. पण लंडनमध्ये ज्या गिऱ्हाइकांनी ती चित्रं घेतली त्यांना दख्खन तशी निवांतच हवी होती. आणि क्लोदच्या नावाने ती चौकट वापरणाऱ्या कुणालाही, ज्याने ती घडवली तो त्यात धनुष्य ताणलेला पोरगा उभा करायचा, याची आठवण राहिली नव्हती. पुढे जे. जे. स्कूलमधून आलेली आपली जलरंगातली निसर्गचित्रं बाण असलेल्या की बाण काढून टाकलेल्या, कुठल्या क्लोदची वारस, हा वाद आपल्याकडे अजून कुणी नीट घातलेला नाही. सभागृहात चित्रकार बरेच दिसताहेत. प्रश्नोत्तरांत सुरुवात तिथूनच करू.